किती शिल्लक?

तुषार चाळके धावण्यात पहिला आला आणि परीक्षेत नापास झाला.

ही गोष्ट त्याच्या आजोबांना सांगितली असती, तर त्यांनी आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतला असता. चाळक्यांच्या घरातले पुरुष तीन पिढ्या पलटणीत होते आणि त्यांच्या काळी हिशेब सरळ होता. पाठीवर ओझं, हातात रायफल, पळा. वेळेत पोचलात तर पास, मागे पडलात तर पुन्हा पळा. पण तुषारच्या काळात पळण्याचा भाव पार उतरला होता. पळायला आता यंत्रं होती. चार पायांची भारवाहू यंत्रं दारूगोळा, रेशन, रॉकेल, जे लादाल ते घेऊन डोंगर चढायची आणि कुरकुर म्हणून करायची नाहीत. माणसाकडून सैन्याला आता वेगळंच काहीतरी हवं होतं.

ते काय, हे मेजर पेंडसे यांनी त्याला समोर बसवून सांगितलं. त्या प्रशिक्षण केंद्राच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना चष्मा सारखा कपाळावर सरकवणाऱ्या. जवान त्यांना वचकून असत, कारण त्या कधी ओरडत नसत.

"चाळके, पळताना तुम्हाला दर फेरीला विचारलं, किती शिल्लक? दर फेरीला तुम्ही दहा म्हणालात."

"हो मॅडम."

"शेवटच्या फेरीत तुमच्या अंगात दोन उरलं होतं. दोन. अजून थोडं पळाला असतात तर मी तुम्हाला सलाइन लावून बसले असते."

"मला तसं वाटलं नाही मॅडम."

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला वाटतच नाही."

या परीक्षेला शिल्लक चाचणी म्हणत. जवानाच्या मानेवर मागच्या बाजूला पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी चिकटवायची. रक्तातली साखर, स्नायूंत साठणारं आम्ल, अंगातली उष्णता, मेंदूला मिळणारा प्राणवायू, असं सगळं ती पट्टी कातडीवरूनच वाचायची आणि त्याचा एकच आकडा करायची. दहा म्हणजे माणूस भरलेला, शून्य म्हणजे रिकामा. हा आकडा पळणाऱ्याला दिसत नसे. त्याला फक्त विचारायचं, किती शिल्लक? त्याचं उत्तर आणि पट्टीचा आकडा यांच्यात दोनपेक्षा जास्त फरक पडला की तो नापास, मग पायांनी काहीही पराक्रम केलेला असो.

यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. थकवा पायांत असतो असं आपल्याला वाटतं, पण तो तयार होतो मेंदूत. अंगातून येणाऱ्या हजार बातम्या एकत्र करून मेंदू अंदाज बांधतो आणि शरीर मोडायच्या पुष्कळ आधी घंटा वाजवतो. त्या घंटेलाच आपण दमणं म्हणतो. काही माणसांची घंटा फार लवकर वाजते, त्यांना आपण आळशी म्हणून मोकळे होतो. काहींची वाजतच नाही. अशांचे पूर्वी सत्कार व्हायचे.

आकडा पट्टीला कळतो तर माणसाला विचारायचंच कशाला, ही शंका तुषारलाही आली होती. पण हिमशिखरांवर पट्टी चालत नाही. थंडीने ती गोठते, आणि गोठली नाही तरी तिचा संदेश पलीकडचा शत्रू पकडतो. तिथे चार-चार माणसं एका दोरीला बांधून चालतात आणि ठरलेल्या टप्प्यावर प्रत्येकाने आपला आकडा तोंडाने सांगायचा असतो. सगळ्यांत कमी आकडा हा अख्ख्या दोरीचा आकडा. एकाचा जरी दोनच्या खाली गेला, तरी चौघांनी आहे तिथे बसायचं. तंबू लावायचा, काहीतरी गरम प्यायचं, पुढचं पुढे. हा नियम यायच्या आधी एका दोरीवरचे चौघेही आठ-आठ म्हणत चढत राहिले होते. ते दोरीसकट सापडले, उन्हाळ्यात, बर्फ सरल्यावर.

"घरी अलीकडे काही घडलंय का?" मेजरांनी विचारलं.

"नाही मॅडम."

"भूक कशी आहे?"

"जेवतो मॅडम."

"मी भूक विचारली."

 भूक लागते की नाही हे तुषारला खरंच सांगता आलं नसतं. जेवणाची शिटी व्हायची आणि तो जेवायचा.

मेजरांनी चष्मा खाली घेतला. "आपल्या आतलं आपल्याला कळणं, हे काम मेंदूची एक घडी करते. भूक तिथेच कळते, छातीतली धडधड तिथेच, दमणं तिथेच. दुःखसुद्धा तिथेच कळतं. एका गोष्टीसाठी दार लावून घेतलं, की बाकीच्याही बाहेर राहतात. मी काही तुम्हाला खोदून विचारत नाही. पण पर्वताच्या प्रशिक्षणाला मी तुम्हाला पाठवू शकत नाही."

तो सॅल्यूट करून बाहेर आला. वाईट वाटायला हवं होतं. तो वाट बघत थोडा वेळ व्हरांड्यात उभा राहिला, पण तसं काही झालं नाही.

खरं तर त्याला ते प्रशिक्षण मनापासून हवं होतं. देशासाठी वगैरे म्हणायला ठीक, पण खरं कारण लाजिरवाणं होतं. वर फोन लागत नाही, एवढं एकच कारण.

घरी काय घडलं होतं ते सांगायला फार वेळ लागत नाही. गेल्या शिमग्याच्या आसपास त्याच्या बायकोला, रुचिताला, मुलगी झाली. फार लवकर झाली. चिपळूणच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ती थोडे दिवस जगली. तुषार रजेवर पोचला तेव्हा तिने त्याचं बोट धरलं, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढचं सगळं त्याने नीट केलं. दवाखान्याचे कागद, नदीकाठचा खड्डा, लोकांना चहा. सगळे म्हणाले, तुषार घट्ट आहे. रजा उरली होती तरी तो परत आला. तो निघाला तेव्हा रुचिता ओट्यावर उभी होती. ती म्हणाली, "जावा, मी बरी हाय." तो म्हणाला, "मी पण बरा आहे." बारशाच्या आधीच गेली म्हणून मुलीला नाव नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचं तर कसं बोलायचं, हेही दोघांना ठाऊक नव्हतं.

तुषारच्या गावची एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर तो दहा-दहा का म्हणत होता ते कळायचं नाही. शिमग्यात देवीची पालखी नाचवतात. दांड्याखाली दोघे, ढोल घुमत असतो, आणि पालखी खांद्यावर पार आडवी होईतो नाचवायची. जो खांद्याखाली असेल त्याने दमलो म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे देवीचं ओझं झालं म्हणण्यासारखं. आजूबाजूच्यांनी बघत राहायचं, कुणाचा पाय लटपटतोय ते ओळखायचं, आणि न विचारता, न बोलता आपला खांदा आत सरकवायचा. तुषार लहानपणापासून हेच बघत आला होता. ओझ्याखालचा माणूस बोलत नाही, बघणाऱ्याने ओळखायचं. आता अशा माणसाला तुम्ही मैदानात पळवत विचारणार, किती शिल्लक? तो काय सांगणार? आणि घरी ओट्यावर उभी असलेली त्याची बायको त्याच गावची होती.

*

नापास झालेल्यांचं काय करायचं याचीही सैन्याने सोय केली होती. तुषारला प्रश्न विचारण्याच्या कामाचं प्रशिक्षण मिळालं. ज्याला उत्तर देता येत नाही त्यालाच विचारायला उभं करायचं, यात वरच्यांचा काही विचार होता की नुसती रिकामी जागा भरायची होती, देव जाणे. कामाचं नाव मोठं होतं, शिल्लक निरीक्षक. जवान म्हणायचे, विचाऱ्या.

या कामाचेही नियम होते. पलटणीत बाकी सगळं हिंदीत चालायचं, पण हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत विचारायचा. परक्या भाषेत माणूस रुबाबाने उत्तर देतो, घरच्या भाषेत जरा खरं बोलतो, असं म्हणे अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे तुषार हा एक प्रश्न तेलुगूत, गढवालीत आणि बंगालीत विचारायला शिकला. आवाज चढवायचा नाही. चेहऱ्याकडे रोखून बघायचं नाही. उत्तर आलं की मान हलवायची, बस.

रोज सकाळी तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा. समोरच्या पडद्यावर पळणाऱ्याचा खरा आकडा, कानात त्याचं उत्तर.

"किती शिल्लक?"

"आठ!" पडद्यावर पाच.

"किती शिल्लक?"

"धा!" पडद्यावर तीन.

सुरुवातीला त्याला त्याचं काही वाटलं नाही. मग हळूहळू एक गोष्ट झाली. पडद्याकडे बघायच्या आधीच त्याला आकडा कळायला लागला. खोटं उत्तर जरा लवकर यायचं. प्रश्न संपायच्या आत यायचं आणि शेवटाला चढायचं. खऱ्या उत्तराच्या आधी माणूस क्षणभर आत डोकावून यायचा, आणि मग आवाज खाली यायचा. दुसऱ्यांचं त्याला इतकं नेमकं कळायचं की मेजर पेंडसे एकदा मागे उभ्या राहून बघत बसल्या. स्वतःचं मात्र अजूनही काही कळत नव्हतं. तो शिटीवर जेवत होता.

त्याचा जोडीदार रणजित खोत पहिल्याच फटक्यात पास होऊन पर्वतावर जाऊन आला होता. कोल्हापूरकडचा गडी, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. परत आला तो नाकाचं कातडं सोलवटून आणि दाढी वाढवून. कँटीनमध्ये चहा पिताना त्याने तुषारला गुपित सांगितलं.

"अरे लेका, त्यात काय हाय? मला तरी कुठं काय कळत होतं? पयल्या फेरीला नऊ म्हणायचं. मग दर फेरीला एक उतरायचं. चढ आला की दोन उतरायचं. झाला पास!"

"आणि वर? वर काय केलंस?"

खोत चहात बघत राहिला. "वर खरं सांगितलं. वर भ्या वाटतं रे. एकदा माझा दीड होता. सांगितलं. चौघंबी बसलो, कुणी एक शब्द बोललं न्हाई." मग लगेच नेहमीच्या आवाजावर आला. "तू घे की परीक्षा परत. तू तर रोज पडदा बघतोस. तुला अख्खं पाठ असंल."

खोत म्हणाला त्यात चूक काही नव्हतं. कुठल्या वळणावर आकडा किती उतरतो हे तुषारला आता झोपेतही सांगता आलं असतं. त्याने अर्ज केला. मेजरांनी तो वाचून एवढंच म्हटलं, "ठीक आहे. पुढची तुकडी सोमवारी निघतेय, एक जागा आहे. शनिवारी या. पास झालात तर जागा तुमची."

*

शुक्रवारी संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. सोमवारनंतर बरेच महिने लागणार नव्हता, म्हणून.

"जेवलाव काय?" रुचिताने विचारलं. ती रोज हेच विचारायची.

"आत्ता कुठं? तू?"

"करायचाय सैपाक. आये काजू गोळा करायला गेलीय पाटलांकडं. तुमचं कसं चाललंय?"

"बरं आहे. सोमवारी वर जाईन बहुतेक. मग फोन नाही लागायचा."

"बरं."

"तू कशी आहेस?"

"मी बरी हाय."

उत्तर लवकर आलं. प्रश्न संपायच्या आत आलं आणि शेवटाला किंचित चढलं.

तुषारच्या हातात फोन तसाच राहिला. हा आवाज तो रोज सकाळी ऐकत होता. तेलुगूत, गढवालीत, बंगालीत. वर्षभर रुचिता त्याला हेच दोन शब्द सांगत होती आणि त्याला ते पटत होते, कारण तोही तेच सांगत होता.

"रुची," तो म्हणाला, "किती शिल्लक?"

"काय?"

"आमच्याकडं विचारतात. दहा म्हणजे सगळं आहे. शून्य म्हणजे काहीच नाही. अंगात, मनात, जे काय असेल ते. किती शिल्लक आहे तुझ्यात?"

 पलीकडे कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस ओरडली. तो थांबला. विचारल्यावर थांबायचं, हे तर त्याला शिकवलेलंच होतं.

"तुमी आदी सांगा," रुचिता अगदी हळू म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. दहा, हा शब्द ओठांवर तयारच होता, पण तो तिला सांगता येईना, आणि दुसरा कुठला आकडा सापडेना.  मग तिनेच "ठेवते, चूल पेटवायचीय" म्हणून फोन ठेवला.

*

शनिवारी सकाळी मैदानावर फक्त दोघे होते. विचारायला दुसरं कुणी नको म्हणून मेजर पेंडसे स्वतःच पडद्याशी उभ्या होत्या. तुषारने बूट घट्ट केले. मानेवर पट्टी चिकटली, थंडगार. पहिला प्रश्न पळायच्या आधी, जागेवर उभं असतानाच विचारतात. त्याला काही अर्थ नसतो. रात्रभर झोपून ताजा झालेला माणूस नऊ म्हणतो, नाहीतर दहा म्हणतो, पडदाही तेच दाखवतो, आणि शिटी होते.

"किती शिल्लक?" मेजरांनी विचारलं.

नऊ म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, मग दर वळणावर एकेक उतरत जायचं आणि सोमवारी गाडीत बसायचं. वर बर्फ, आणि फोन नाही.

तुषार आत डोकावला. खोटं बोलणारे जे करत नाहीत तेवढंच त्याने केलं, उत्तर द्यायच्या आधी जरा थांबला. आत आधी काहीच नव्हतं, वर्षभर होतं तसंच. मग उजव्या हाताच्या बोटाला काहीतरी जाणवलं. एवढीशी पकड. पेटीतून हात घालून त्याने पुढे केलेलं बोट तिने धरलं होतं आणि सोडलं नव्हतं. नर्सने हळूच सोडवलं होतं.

"एक," तो म्हणाला.

मेजरांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर नऊ होता. त्यांनी चष्मा वर सरकवला, परत खाली घेतला.

"चाळके, अजून तुम्ही पळायला लागलेला नाहीत."

"माहीत आहे मॅडम."

"तुमच्या अंगात नऊ आहे."

"अंगात असेल." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू येईना. "मुलगी होती आम्हाला. गेल्या शिमग्यात. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो."

मेजर पेंडसे पडद्यापासून निघून त्याच्याजवळ आल्या. त्यांनी त्याच्या मानेवरची पट्टी स्वतःच्या हाताने काढली, ओरखडा उठू नये म्हणून हलक्या हाताने.

"फरक आठाचा पडलाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे मागच्या वेळेइतकाच. मला तुम्हाला नापास करावं लागेल."

"हो मॅडम."

"सोमवारची जागा जाईल. विचारायच्या कामावरही तुम्हाला आत्ता ठेवता येणार नाही. ज्याचा आकडा एक आहे त्याने दुसऱ्याला विचारत उभं राहू नये." त्यांनी पट्टी घडी घालून खिशात ठेवली. "कुणी विचारलं तर मॅडमनी रजेवर घातलं म्हणून सांगा. किती दिवस, ते मी लिहीत नाही. आणि चाळके, मी तेव्हा आणखी एकदा विचारायला हवं होतं."

तुषार सॅल्यूट करायचा विसरला. तसाच निघाला.

*

रविवारी गावात उतरला तेव्हा ऊन चढलं होतं. पाणंदीत पालापाचोळा साचला होता, वरच्या वाडीत कुणीतरी शिमग्याचे ढोल तापवून बघत होतं. घराच्या कोपऱ्यावर आला आणि समोर रुचिता दिसली. विहिरीवरून येत होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटताना माणूस चालतो तशी ती चालत होती. तिचा पाय लटपटत होता.

वर्षभर तो लटपटत असणार. बघायला कुणी नव्हतं. तुषार पुढे झाला आणि काही न विचारता तिच्या डोक्यावरचा हंडा उचलून घेतला. ती दचकली. मग त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुमी वर जाणार हुताव ना?"

"एक," तो म्हणाला. "परवा तू विचारलंस ना? माझ्यात एक शिल्लक आहे."

रुचिताने कळशी खाली ठेवली. ठेवली कसली, हातातून सुटलीच जवळजवळ, थोडं पाणी मातीत गेलं. तिने पदराने तोंड पुसलं. उत्तर द्यायच्या आधी ती बराच वेळ थांबली.

"माज्यात तेवडंबी नाय," ती म्हणाली. "कवापास्नं नाय."

तुषारने हंडा ओट्याच्या कडेला टेकवला. "आमच्यात नियम आहे. एकाचा आकडा दोनच्या खाली गेला, की सगळ्यांनी आहे तिथं बसायचं."

"आनि काम?"

"काही नाही करायचं. नुसतं बसायचं."

ती ओट्याच्या पायरीवर बसली. तो तिच्या शेजारी बसला. थोडा वेळ दोघेही समोरच्या फणसाकडे बघत होते. मग रुचिता म्हणाली, "मी तिला मनात गौरी म्हनायचे. कुनाला बोलले नाय," आणि तुषारच्या छातीतून असा काही आवाज निघाला की त्याला वाटलं दुसराच कुणी रडतोय. त्याचं त्यालाच कळेना कसं थांबवायचं, आणि रुचिताने त्याला थांबवलं नाही. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, तोंडाला पदर न लावता.

आवाज ऐकून तुषारची आई दारात आली. तिने दोघांना बघितलं. मातीत सांडलेलं पाणी बघितलं. काय झालं, असं तिने विचारलं नाही. पदर खोचून ती पायरी उतरली, हंडा डोक्यावर घेतला, कळशी कमरेवर घेतली आणि घरात गेली.